जास्त गुण करूनही ‘प्लेअर ऑफ द वीक’ का हुकतो?

नाशिकच्या एका मामांचा प्रश्न आहे. त्यांची बहीण न्यू जर्सीत स्थायिक आहे आणि भाची अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या एका कॉलेजकडून डिव्हिजन वनचं (कॉलेज खेळांतली सर्वांत वरची पातळी) बास्केटबॉल खेळते. दुसरं वर्ष. गेल्या आठवड्यात तिने दोन सामन्यांत मिळून ४८ गुण केले. सोमवारी कॉन्फरन्सने ‘प्लेअर ऑफ द वीक’ जाहीर केली, तर नाव दुसऱ्याच कॉलेजच्या मुलीचं, आणि तिचे गुण ३५. घरात सगळे हिरमुसले. मामा विचारतात: हे ठरवतं कोण, यात वशिला चालतो का, आणि या पुरस्काराला पुढे काही किंमत असते का?

मी बरीच वर्षं अमेरिकन कॉलेजांच्या क्रीडा-माहिती विभागात काम केलं आहे. आधी कॉलेजच्या बाजूने या पुरस्कारासाठी नामांकनं लिहायचो, नंतर एका कॉन्फरन्सच्या कार्यालयात बसून तीच नामांकनं वाचायचो. वशिल्याचं आधीच सांगून टाकतो: मला तो कधी दिसला नाही. घाई दिसली, अपुरी माहिती दिसली, आणि त्यापायी चांगल्या मुली मागे राहिलेल्याही पाहिल्या. पण अमक्या कॉलेजला द्यायचं असं ठरवून कुणी बसलेलं पाहिलं नाही. ४८ विरुद्ध ३५ या दोन आकड्यांवरून मात्र अन्याय झाला की नाही हे सांगताच येत नाही. ते का, हे नीट समजून घ्यायचं तर आधी तो आठवडा कसा चालतो ते पाहायला हवं.

कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी दरवर्षी ठरलेले सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आणि तीसच्या वर कॉन्फरन्स आहेत. पेट्रियट लीगचं उदाहरण घ्या. तिच्यात १० कॉलेजं: आर्मी, नेव्ही, लीहाय, लाफायेट, बकनेल, कोलगेट, होली क्रॉस, बोस्टन युनिव्हर्सिटी, अमेरिकन युनिव्हर्सिटी आणि लॉयोला मेरीलँड. प्रत्येकाशी एक सामना घरच्या मैदानावर, एक बाहेर, असे १८. आयव्ही लीगमध्ये ८ कॉलेजं, म्हणून १४. बिग टेनमध्ये २०२४ पासून १८ कॉलेजं आहेत. एका संघात बारा ते पंधरा मुली धरल्या, तर दहा कॉलेजांच्या कॉन्फरन्समध्येही शंभरावर मुलींमधून दर सोमवारी एक नाव निघतं. अठरा कॉलेजांच्या कॉन्फरन्समध्ये ही संख्या दोनशेच्या पुढे जाते.

आता रविवारची रात्र. आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो. शेवटचा सामना आटोपला की प्रत्येक कॉलेजचा क्रीडा-माहिती अधिकारी कॉन्फरन्सने दिलेला फॉर्म भरतो. तिकडे या अधिकाऱ्याला एसआयडी म्हणतात. फॉर्मवर खेळाडूचं नाव, कितवं वर्ष, मूळ गाव, दोन्ही सामन्यांचे निकाल, खेळलेली मिनिटं, शॉट, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू), असिस्ट (बास्केट मिळवून देणारा पास), स्टील (हिसकावलेला चेंडू), ब्लॉक (अडवलेला शॉट), टर्नओव्हर (गमावलेला चेंडू), आणि खाली टिप्पणीसाठी एक चौकट. पुरस्काराच्या एका विभागात (मुख्य, नवोदित वगैरे) एका कॉलेजकडून साधारणपणे एकच नाव जातं. मुदत रविवारी रात्री उशिरापर्यंत किंवा सोमवारी सकाळी. लहान कॉलेजात हाच माणूस पोहण्याच्या स्पर्धेची बातमी लिहीत असतो आणि फेब्रुवारीत लॅक्रॉसचा हंगामही उघडलेला असतो. त्यामुळे टिप्पणीची ती चौकट अनेकदा एका ओळीत आटोपली जाते. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही तीच. तिच्याकडे पुढे येतो.

निवड करणारे सगळीकडे सारखे नसतात. एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) सारख्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये पत्रकारांचं एक मंडळ मत देतं. काही ठिकाणी सर्व कॉलेजांचे एसआयडी मत देतात आणि आपल्या कॉलेजच्या खेळाडूला देता येत नाही. मध्यम आणि लहान कॉन्फरन्समध्ये बहुतेकदा कार्यालयातल्याच दोन-तीन जणांचं काम असतं: आलेली नामांकनं समोर ठेवायची, बॉक्स स्कोअर (सामन्यातल्या प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांचा तक्ता) उघडायचे, बोलायचं, ठरवायचं. साप्ताहिक निवडीत कोच सहसा नसतात. सोमवारी दुपारी पत्रक निघतं. पूर्व किनाऱ्यावर दुपारचा एक म्हणजे हिवाळ्यात नाशिकला रात्रीचे साडेअकरा, म्हणजे तुम्हाला ही बातमी नेहमी झोपायच्या वेळी कळणार.

त्या दोन-तीन जणांनी आठवड्यातले सगळे सामने पाहिलेले नसतात. दहा कॉलेजं म्हणजे आठवड्याला दहाएक सामने महिलांचे आणि तेवढेच पुरुषांचे. ते शक्य नाही. ते जे पाहतात ते आकडे आणि त्याखालच्या चार ओळी. कॉलेजकडून नामांकनच आलं नाही तर ती मुलगी चर्चेतच येत नाही. एकदा एका संघाच्या सेंटरने आठवडाभर अफाट रिबाउंडिंग केलं होतं आणि फॉर्म आला नव्हता. आम्ही फोन करून मागवून घेतला, पण तसं करायचं बंधन आमच्यावर नव्हतं. म्हणून मामा, तुमचा पहिला प्रश्न ‘दुसरीला का दिलं’ हा नको, ‘आपलं नाव गेलं होतं का’ हा असायला हवा. बहुधा गेलंच असेल, कारण ४८ गुण कुणाच्या नजरेतून सुटत नाहीत. पण तिच्याच संघातल्या दुसऱ्या मुलीचं नाव गेलं असण्याचीही शक्यता आहे, आणि तसं असेल तर तो निर्णय तिच्या कॉलेजचा, कॉन्फरन्सचा नव्हे.

आठवड्याचं माप सुद्धा सगळ्यांना सारखं नसतं. एखाद्या संघाचे त्या सात दिवसांत दोन सामने असतात, एखाद्याचा एकच, आणि बर्फवृष्टीमुळे पुढे ढकललेला सामना आला तर तीन. आयव्ही लीगमध्ये परंपरेने शुक्रवार-शनिवार असे लागोपाठ सामने असत. म्हणजे शुक्रवारी रात्री खेळून, बसने पुढच्या गावी जाऊन, चोवीस तासांच्या आत पुन्हा खेळायचं. तिथे दोन्ही रात्री चांगलं खेळणाऱ्या मुलीकडे मी वेगळ्या आदराने पाहतो. उलट, एकाच सामन्याच्या आठवड्यात उठून दिसायचं तर ती खेळी फारच मोठी लागते. २०२४ च्या १५ फेब्रुवारीला आयोवाच्या केटलिन क्लार्कने मिशिगनविरुद्ध ४९ गुण आणि १३ असिस्ट केले आणि केल्सी प्लमचा कारकिर्दीतल्या ३,५२७ गुणांचा विक्रम मागे टाकला. त्या आठवड्यात आयोवाचा तो एकच सामना होता. एका सामन्यावर आठवडा उचलायचा तर खेळ इतका मोठा व्हावा लागतो.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणखी एक गुंता असतो. तेव्हा कॉन्फरन्सबाहेरचे सामने चालू असतात. एक कॉलेज बलाढ्य संघाकडे जाऊन खेळतं, दुसरं त्याच आठवड्यात खालच्या पातळीवरच्या डिव्हिजन थ्रीच्या संघाला घरी बोलावतं. पहिल्या संघातल्या मुलीचे १६ गुण दुसऱ्या संघातल्या मुलीच्या २८ पेक्षा मोठे असू शकतात. प्रतिस्पर्धी कोण हे बाजूला ठेवून नुसते गुण वाचले तर काय होतं याचं टोकाचं उदाहरण म्हणजे २०१२ च्या २० नोव्हेंबरचा ग्रिनेल कॉलेजचा सामना. डिव्हिजन थ्रीतल्या या कॉलेजच्या जॅक टेलरने फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेजविरुद्ध एकट्याने १३८ गुण केले. शॉट मारले १०८, त्यातले ५२ आत. तीन गुणांचे ७१ मारले, २७ आत. असिस्ट शून्य. ग्रिनेल १७९-१०४ ने जिंकलं. त्याच सामन्यात हरलेल्या संघाच्या डेव्हिड लार्सनने ७० गुण केले, आणि तेही ४४ पैकी ३४ शॉट घालून. शॉटमागे मिळालेला मोबदला पाहिला तर त्या संध्याकाळी लार्सन सरस होता. पण जगाला लक्षात राहिले ते १३८. टेलरच्या विक्रमाला मी कमी लेखत नाही. छत्तीस मिनिटं त्या वेगाने शॉट मारत राहणं हेच शरीराची परीक्षा पाहणारं आहे. फक्त गुणांचा रकाना एकटा वाचू नये, एवढंच त्यातून घ्यायचं.

आता तुमच्या भाचीच्या प्रश्नातले गुण तेवढे ठेवतो आणि बाकीचे आकडे नमुन्यादाखल घालतो. समजा ४८ गुणांसाठी ४६ शॉट लागले. त्यातले १७ आत गेले, पैकी ५ तीन गुणांचे. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) १४ पैकी ९. दुसरीकडे ३५ गुणांसाठी २४ शॉट, १२ आत, पैकी ३ तीन गुणांचे, फ्री थ्रो ९ पैकी ८. कार्यालयात आम्ही ‘ट्रू शूटिंग’ नावाचा हिशेब करायचो. शॉटच्या संख्येत फ्री थ्रोच्या ०.४४ पट मिळवायचे (प्रत्येक फ्री थ्रोला संघाची एक अख्खी चाल खर्च होत नाही, म्हणून पूर्ण एक धरत नाहीत), आलेल्या संख्येची दुप्पट करायची आणि गुणांना तिने भागायचं. पहिल्या मुलीचं उत्तर येतं ४६ टक्के. दुसरीचं सुमारे ६२.६ टक्के. हा फरक प्रचंड आहे. पहिलीने जेवढ्या संधी वापरल्या तेवढ्या दुसरीला मिळत्या आणि तिने तीच अचूकता ठेवली असती, तर तिचे गुण साठच्या पुढे गेले असते.

त्यात भर म्हणून दुसरीचे रिबाउंड २१, असिस्ट १३ आणि टर्नओव्हर ३ असतील, आणि पहिलीचे असिस्ट ३ आणि टर्नओव्हर ११, तर चर्चा पाच मिनिटांत संपते. टर्नओव्हर म्हणजे शॉट न मारताच चेंडू समोरच्याला देऊन टाकणं. घरी स्ट्रीम पाहताना ते आपल्या लक्षात राहत नाहीत. बास्केट पडलं की टाळ्या वाजतात, पास हातातून निसटला की आपण पुढे पाहू लागतो. बॉक्स स्कोअरमध्ये मात्र दोन्ही शेजारी शेजारी छापलेले असतात.

जिंकणं-हरणंही येतं. नियमात कुठे लिहिलेलं नसतं की हरलेल्या संघाच्या खेळाडूला देऊ नये. पण दोन्ही सामने हरलेल्या संघातून नाव निघायला काहीतरी असाधारण लागतं. मला हे बहुतांशी पटतं. तीस गुणांनी मागे असताना शेवटच्या सहा मिनिटांत समोरच्यांनी राखीव मुली उतरवलेल्या असतात. त्या वेळात केलेले दहा गुण हे गुणच असतात, पण त्यांनी सामन्याचं काही बदललेलं नसतं. प्ले-बाय-प्ले (सामन्यातल्या प्रत्येक घटनेची वेळेसह नोंद) उघडलं की हे मिनिटागणिक दिसतं. म्हणूनच मी कोणत्याही मोठ्या आकड्याच्या नामांकनाला आधी तिथे तपासायचो: हे गुण आले कधी?

असिस्टबद्दलही एक गोष्ट माहीत असू द्या. रिबाउंड आणि गुण मोजायला डोळे पुरतात. असिस्ट ठरवायला निर्णय लागतो. बास्केटला थेट कारण ठरलेला मुख्य पास ज्याचा, त्याला असिस्ट, आणि तो मुख्य होता की नाही हे टेबलावर बसलेला नोंदणीकार ठरवतो. एकाच प्रकारचा पास एका जिममध्ये असिस्ट धरला जातो, दुसऱ्या जिममध्ये नाही. घरच्या मैदानावरचा नोंदणीकार थोडा उदार असतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे ११ आणि ९ असिस्टमध्ये मी फारसा भेद करत नसे. ११ आणि ४ मध्ये करत असे.

इथवर आकड्यांचं झालं. मला ज्याची खरी कळकळ आहे ते आकड्यांत येतच नाही.

बचाव. समोरच्या संघाच्या सर्वोत्तम खेळाडूला तीस मिनिटं चिकटून राहणाऱ्या मुलीच्या नावापुढे बॉक्स स्कोअर काय लिहितो? कदाचित दोन स्टील आणि तीन फाउल. तिने किती पास वाटेतच विचलित केले, किती वेळा आपली जागा सोडून मैत्रिणीच्या मदतीला धावली, किती स्क्रीन (वाट अडवून उभी राहिलेली समोरची खेळाडू) ओलांडून पुन्हा आपल्या खेळाडूसमोर उभी राहिली, याला रकाना नाही. समोरून धावत आलेल्या खेळाडूचा धक्का छातीवर झेलून तिच्यावर फाउल काढणं, ज्याला चार्ज घेणं म्हणतात, तेही कॉलेजच्या अधिकृत बॉक्स स्कोअरमध्ये वेगळं दिसत नाही. दिसतो तो समोरच्या खेळाडूच्या नावावरचा फाउल आणि टर्नओव्हर. पुरुषांच्या खेळात एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) स्टील आणि ब्लॉक अधिकृतपणे नोंदू लागली तीच १९८५-८६ च्या हंगामापासून. म्हणजे बचावाची मोजदाद उशिरा सुरू झाली आणि अजून अर्धीही झालेली नाही. परिणाम असा की साप्ताहिक पुरस्कारांची यादी हंगामाच्या शेवटी वर-खाली वाचली तर ती बहुतांशी गुण करणाऱ्यांची यादी असते. काही कॉन्फरन्स आता बचावासाठी वेगळा साप्ताहिक पुरस्कार देतात. बहुतेक देत नाहीत. द्यायला हवा असं माझं ठाम मत आहे. कोच ज्या मुलीला शेवटच्या दोन मिनिटांत बाकावर बसवायला धजत नाही, तिचं नाव चार वर्षांत एकदाही सोमवारच्या पत्रकात येऊ नये, हे मला कधीच पटलं नाही.

आणि यावर आजच, काही नवं न करता, एक उपाय आहे: फॉर्मवरची ती टिप्पणीची चौकट. मला येणारी बहुतेक नामांकनं अशी असत: ‘या आठवड्यात सरासरी ९ गुण आणि ८ रिबाउंड. संघाने दोन्ही सामने जिंकले. ती आमच्या संघाचा आधारस्तंभ आहे.’ पहिली दोन वाक्यं मला बॉक्स स्कोअरमध्ये दिसतातच. तिसरं कुणाबद्दलही लिहिता येतं. आता त्याच मुलीबद्दल असं लिहिलं तर पाहा: ‘शनिवारी कॉन्फरन्समध्ये सर्वाधिक सरासरी असलेल्या गार्डला हिने ३१ मिनिटं रोखलं. त्या गार्डने १७ पैकी ४ शॉट घातले आणि ६ वेळा चेंडू गमावला. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या पावणेतीन मिनिटांत समोरच्या संघाला एकही फील्ड गोल मिळाला नाही. त्यातल्या दोन चालींत हिने चार्ज घेतला. फरक होता चार गुणांचा.’ नऊ गुणांची तीच मुलगी, पण आता ती २५ गुणांच्या मुलीसमोर उभी राहू शकते. यातलं प्रत्येक वाक्य मी पाच मिनिटांत प्ले-बाय-प्ले आणि व्हिडिओवर तपासू शकतो, आणि तपासलं की ते मनात पक्कं बसतं. तरुण एसआयडींना मी नेहमी हेच सांगत आलो: विशेषणं काढा, मिनिट आणि समोरचीचं नाव घाला.

टप्प्यांची मदतही होते. कारकिर्दीतले १,००० गुण, कॉलेजचा जुना विक्रम, दुखापतीनंतरचा पहिला सामना अशा गोष्टींनी तुल्यबळ नावांमध्ये पारडं झुकतं. उलट बाजूने, एकाच खेळाडूचं नाव सलग तीन आठवडे आलं की चौथ्या आठवड्यात वाचणाऱ्याचा हात नकळत आखडतो. नियम तसा नाही. तिची तुलना इतरांऐवजी तिच्याच मागच्या आठवड्यांशी होऊ लागते. हे चूक आहे. दर सोमवारी पाटी कोरी असायला हवी. पण माणसं निवडतात तिथे हे होतं, आणि ते तुमच्यापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

नवोदितांसाठी वेगळा पुरस्कार असतो. कुठे त्याला ‘रूकी ऑफ द वीक’ म्हणतात, कुठे ‘फ्रेशमन’. काही ठिकाणी ‘न्यूकमर’ असतो आणि त्यात दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आलेले खेळाडूही धरतात. २०२१ पासून बदली घेणाऱ्याला एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही, त्यामुळे या विभागात तीन वर्षं खेळून आलेली मुलगी आणि अठरा वर्षांची मुलगी एकत्र येऊ शकतात. तुमची भाची दुसऱ्या वर्षाला आहे. बदली घेतलेली नसेल तर ती आता फक्त मुख्य पुरस्कारासाठीच पात्र आहे, आणि तिथे चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलींशी गाठ असते. गेल्या वर्षी तिला नवोदितांचा मिळाला असेल आणि यंदा एकही नाही, तर त्यावरून ती मागे पडली असं समजू नका. तिचा वर्ग बदलला आहे.

किंमत काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. थेट सांगायचं तर पैसा मिळत नाही, शिष्यवृत्ती वाढत नाही. कॉलेजच्या संकेतस्थळावर बातमी येते, गावच्या वर्तमानपत्रात येते, खेळाडूच्या कायमच्या नोंदीत एक ओळ वाढते. हंगामाच्या शेवटी ‘प्लेअर ऑफ द इयर’ आणि ऑल-कॉन्फरन्स (कॉन्फरन्समधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) संघांसाठी बहुतेक ठिकाणी कोच मतदान करतात आणि आपल्या खेळाडूला मत देता येत नाही. तेव्हा समोरच्या कागदावर ‘चार वेळा प्लेअर ऑफ द वीक’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा उपयोग होतो, विशेषतः ज्या खेळाडूंबद्दल मतदार द्विधा असतात त्यांच्यासाठी. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला त्याची गरज नसते. पहिल्या संघात की दुसऱ्या संघात, या सीमेवर उभ्या असलेल्या मुलीला असते. पुढे युरोपात व्यावसायिक खेळायचं असेल तर एजंट हीच ओळ परिचयपत्रात वर लिहितो. अमेरिकेत २०२१ च्या जुलैपासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीतून कमाई करता येते, आणि अशा पत्रकांनी गावातल्या दुकानदारापर्यंत नाव पोहोचतं. भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलांनी मात्र असा एकही करार कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारल्याशिवाय करू नये. तो व्हिसाच्या अटींत अडकू शकतो.

मोठ्या कॉन्फरन्समध्ये हा पुरस्कार गर्दीत हरवतो, लहान कॉन्फरन्समध्ये तो जास्त बोलतो. दूरचित्रवाणीवर न दिसणाऱ्या कॉलेजांची बाहेरच्या जगाशी ओळख या सोमवारच्या पत्रकांतूनच होत राहते. जा मोरांट मरे स्टेटकडून, ओहायो व्हॅली कॉन्फरन्समध्ये खेळत होता. २०१८-१९ मध्ये त्याने सामन्यामागे २४.५ गुण आणि १० असिस्ट केले. हंगामभर वीस गुण आणि दहा असिस्टची सरासरी राखणारा तो पहिलाच, आणि त्याच वर्षी एनबीएने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. भारतातून गेलेल्या मुलींचे मार्गही अशाच कॉन्फरन्समधून गेले आहेत: बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाकडून बिग स्काय कॉन्फरन्समध्ये खेळली, हरसिमरन कौर सॅन दिएगोकडून वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये.

पण सगळं मोठं काम या सात दिवसांच्या चौकटीत बसतच नाही, हेही लक्षात ठेवा. साप्ताहिक पुरस्कार नियमित हंगामाबरोबर संपतात. लीहायच्या सीजे मॅकॉलमला पेट्रियट लीगने २०१० आणि २०१२ मध्ये वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं, तरी लोकांना तो आठवतो २०१२ च्या १६ मार्चच्या सामन्यासाठी. राष्ट्रीय स्पर्धेत पंधरावं मानांकन असलेल्या लीहायने दुसरं मानांकन असलेल्या ड्यूकला ७५-७० हरवलं, आणि मॅकॉलमचे ३० गुण. त्या दिवशी लीगची साप्ताहिक यादी केव्हाच बंद झालेली होती. एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू सिम भुल्लर न्यू मेक्सिको स्टेटकडून खेळताना २०१३ आणि २०१४ मध्ये आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तोही पुरस्कार वेगळा, त्याची निवडही वेगळी.

आता तुम्ही काय करावं. कॉन्फरन्सला ईमेल करू नका. नातेवाइकांच्या ईमेलने निवड बदलत नाही आणि त्या ईमेलची गोष्ट कॉलेजच्या कोचपर्यंत पोहोचते. मुलीला त्याचा संकोच होतो. बहिणीलाही तेच सांगा. करायचंच असेल तर भाचीच्या कॉलेजच्या एसआयडीला उपयोगी पडेल अशी माहिती तिच्यामार्फत द्या: मराठी वर्तमानपत्रात बातमी छापून आणायची तयारी, आजोळचं गाव, शाळेतले जुने फोटो. एसआयडी अशा गोष्टींच्या शोधातच असतो, आणि ज्या खेळाडूबद्दल त्याला चार गोष्टी ठाऊक आहेत तिच्याबद्दल तो चार ओळी जास्त लिहितो.

आणि पुढच्या रविवारी तिच्याशी बोलाल तेव्हा गुण विचारू नका, ते तुम्हाला मोबाइलवर दिसतीलच. समोरच्या संघातली कोणती खेळाडू तिच्याकडे दिली होती आणि तिने किती शॉट घातले ते विचारा. टर्नओव्हर किती झाले ते विचारा. दुसऱ्या वर्षाची मुलगी जेव्हा ११ वरून ५ वर येते तेव्हा कोच ते सर्वांत आधी टिपतो, आणि ‘सर्वाधिक सुधारणा’ हा वार्षिक पुरस्कार जिथे असतो तिथे कोचचं मत अशाच आकड्यांवर जातं. तिच्या कॉन्फरन्समध्ये तो आहे की नाही हे संकेतस्थळावरच्या मागच्या वर्षीच्या विजेत्यांच्या यादीत पाहता येईल. नियमित हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला संपतो. तोवरचे सोमवार अजून तिच्या हातात आहेत.